केबल आपल्याकडे कशी आली, कशी बदलली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबल टीव्हीच्या इतिहासाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत प्रकल्पासाठी माहिती हवी असलेले विद्यार्थी आहेत, नव्वदच्या दशकात गच्चीवर चढून छत्री, म्हणजे डिश, फिरवलेले केबलवाले आहेत आणि दर महिन्याचे बिल समजून घेऊ पाहणारे ग्राहकही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आपल्याकडे केबल सरकारने आणली नाही आणि मोठ्या कंपन्यांनीही आणली नाही. ती गल्लीतल्या माणसांनी ओढली आणि कायदा मागाहून आला. पुढचे बहुतेक वाद एकाच मुद्द्यावर झाले: एका केबलवाल्याकडे खरोखर किती घरे आहेत, हे कोणाला ठाऊक? हे लक्षात घेतले तर खालच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

१. केबल टीव्ही म्हणजे नेमके काय? अँटेना आणि डीटीएचपेक्षा ती वेगळी कशी?

अँटेना असेल तर टीव्ही मनोऱ्यावरून आलेल्या लहरी थेट पकडतो. डीटीएचमध्ये प्रत्येक घराची स्वतःची छोटी डिश असते आणि ती उपग्रहाकडून थेट सिग्नल घेते. केबलमध्ये हे काम तुमच्या वतीने दुसरा कोणीतरी करतो. तो एका जागी मोठ्या डिश लावून सगळी चॅनल गोळा करतो आणि तारेतून घरोघर पोचवतो. त्यामुळे केबलमध्ये तुमचा संबंध उपग्रहाशी नसतो, माणसाशी असतो. चित्र गेले की केबलवाल्याला हाक मारायची, ही सवय त्यातूनच आली.

२. जगात केबलची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत, १९४८ च्या सुमाराला. पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटी या डोंगराआडच्या गावात फिलाडेल्फियाचे सिग्नल पोचत नव्हते. तिथे टीव्हीची विक्री करणाऱ्या जॉन वॉल्सन यांनी डोंगरावर अँटेना उभारून तार गावात आणली, असे सांगितले जाते. त्याच वर्षी ओरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियात एड पार्सन्स यांनी असाच प्रयोग केला. पहिला कोण, यावर तिथे अजून वाद आहे.

तिथली केबल बरीच वर्षे फक्त दूरच्या स्टेशनांचे चित्र आणून देत होती. १९७५ मध्ये एचबीओने मनिला इथली अली आणि फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत उपग्रहामार्फत केबल कंपन्यांना दिली, तेव्हापासून खास केबलसाठी काढलेल्या चॅनलांचे युग सुरू झाले. १९८० मध्ये आलेले सीएनएन हे त्याच वाटेवरचे. आपल्या गोष्टीत ते प्रश्न ५ मध्ये येते.

३. भारतात केबल कधी आणि कुठे सुरू झाली?

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मोठ्या शहरांत, आणि त्यात मुंबईच्या उंच इमारती आघाडीवर होत्या. याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही, कारण एकाच काळात अनेकांना तीच कल्पना सुचली होती.

पार्श्वभूमी अशी. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८४ मध्ये देशभर धडाक्याने प्रक्षेपक उभे राहिले. टीव्ही संच घरोघर पोचले, पण पाहायला एक चॅनल, मुंबईकरांना १९८५ पासून दोन. दुसरीकडे व्हीसीआर आले होते आणि कॅसेटची लायब्ररी कोपऱ्याकोपऱ्यावर होती. पण व्हीसीआर महाग. मग कोणीतरी इमारतीच्या तळमजल्यावर एक व्हीसीआर ठेवला, जिन्यातून सगळ्या मजल्यांवर तार नेली आणि दरमहा वर्गणी लावली. दुपारी एक सिनेमा, रात्री एक सिनेमा. डिश नाही, उपग्रह नाही. एक यंत्र आणि एक तार, एवढीच ती केबल.

हळूहळू तार इमारतीबाहेर पडली. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, मग रस्ता ओलांडून, झाडाला आणि विजेच्या खांबाला बांधून ती पुढे गेली. परवानगी कोणाची, हे विचारायला कोणी नव्हते आणि नाही म्हणायलाही नव्हते.

४. त्या काळी केबलवर नवेकोरे सिनेमे दिसायचे. ते कायदेशीर होते का?

नव्हते, आणि हा प्रश्न न्यायालयात फार लवकर गेला. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर केबलवाल्यांचा युक्तिवाद असा होता की लोक आपापल्या घरात बसून पाहतात, म्हणजे हे सार्वजनिक प्रदर्शन नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. वर्गणी भरून पाहणारी ही सगळी घरे मिळून ‘जनता’च होते, तेव्हा हक्कदाराच्या परवानगीविना सिनेमा दाखवणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असा निकाल आला.

निकाल आला म्हणून गल्लीतले चित्र लगेच पालटले नाही. नव्वदचे दशक उलटल्यावरही शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी केबलवर दिसत होता. पण चित्रपटवाल्यांना लढायला पाया मिळाला आणि केबलचे हक्क स्वतंत्रपणे विकण्याची पद्धत पडली.

५. आखाती युद्धामुळे भारतात केबल आली असे म्हणतात. खरे आहे का?

अर्धे खरे. केबल आधीपासूनच होती (प्रश्न ३). जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्बहल्ले सुरू झाले आणि सीएनएनने ते थेट दाखवले. पंचतारांकित हॉटेलांनी डिश बसवून हे चित्रण घेतले आणि लोक ते पाहायला तिथे जाऊ लागले. आखातात नोकरीला असलेली माणसे इथल्या कित्येक घरांत होती, त्यामुळे त्या बातम्यांची ओढ केवळ कुतूहलाची नव्हती.

युद्धाने केबलवाल्यांना एक गोष्ट दाखवून दिली. आकाशातून चित्र फुकट उतरवता येते. व्हीसीआरला कॅसेट लागते, डिशला एकदा पैसे घातले की पुरे. युद्ध सहा आठवड्यांत संपले, पण डिश लावण्याची विद्या मात्र शहरात राहिली. वर्षअखेरीस स्टार टीव्ही सुरू झाला तेव्हा त्याचे चित्र घरोघर नेणारी तार तयारच होती. दुसऱ्या कुठल्या देशात एवढे जाळे आयते मिळाले असते, असे मला वाटत नाही.

६. स्टार टीव्ही ज्या उपग्रहावरून यायचा तो अंतराळातून परत आणलेला उपग्रह होता, ही गोष्ट खरी का?

खरी आहे. वेस्टार ६ हा अमेरिकी उपग्रह फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून सोडला, पण तो चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. दुरुस्ती होऊन तो विकला गेला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च रॉकेटने एशियासॅट १ या नावाने पुन्हा वर गेला.

हाँगकाँगहून ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने त्याच्यावरून स्टार टीव्ही सुरू केला. स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी आणि एक चिनी भाषेतले चॅनल, अशी ती पाच चॅनल. भारतासाठी म्हणून ती काढलेली नव्हती. सगळ्या आशियावर एकच चित्र पडत होते. त्याच उपग्रहावर जागा घेऊन सुभाष चंद्र यांनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केला आणि हिंदी चॅनल दिसायला लागल्यावर केबल इंग्रजी समजणाऱ्यांच्या घरापलीकडे गेली. १९९३ मध्ये रूपर्ट मरडॉक यांनी स्टारमधला मोठा हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षी २६ जानेवारीला दूरदर्शनने चार महानगरांतली दुसरी चॅनल जोडून मेट्रो चॅनल काढले. ते या स्पर्धेला दिलेले उत्तर होते.

७. केबलवाल्याची छत्री एवढी मोठी आणि डीटीएचची एवढी लहान, असे का?

लहरींमुळे. केबलसाठीची चॅनल मुख्यतः सी-बँडवर येतात, म्हणजे साधारण ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ. एशियासॅट १ ची ताकद आजच्या मानाने कमी होती आणि ती अर्ध्या आशियावर पसरलेली. अशा क्षीण सिग्नलसाठी आठ-दहा-बारा फुटांची छत्री लागायची. जाळीची छत्रीही चालायची, कारण या लहरींच्या मानाने जाळीची भोके लहान असतात. डीटीएच केयू-बँडवर चालते, म्हणजे साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झ. तिथे उपग्रहाचा झोत एकवटलेला असतो, म्हणून दोन-अडीच फुटांची डिश पुरते.

याची दुसरी बाजू पावसात दिसते. मुसळधार पावसात केयू-बँडचा सिग्नल पाणी शोषून घेते आणि डीटीएच बंद पडते. सी-बँडवर पावसाचा परिणाम नगण्य. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात केबलला पसंती मिळते ती म्हणूनच, अर्थात तार शाबूत असेल तर. पावसात केबल जाते ती बहुतेक वेळा जोडामध्ये पाणी शिरल्याने किंवा अँप्लिफायरची वीज गेल्याने.

८. जुन्या केबलवर कुणाकडे चित्र स्वच्छ आणि कुणाकडे नुसत्या मुंग्या, असे का व्हायचे? कंट्रोल रूममध्ये असायचे तरी काय?

या प्रश्नावर मी जरा लांबणार आहे, कारण जुन्या केबलचे सगळे कसब त्यात आहे.

कंट्रोल रूम म्हणजे बहुधा गच्चीवरची किंवा जिन्याखालची एक खोली. प्रत्येक डिशची तार तिथल्या रिसीव्हरला जोडलेली. एका चॅनलसाठी एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, असा हिशेब. मॉड्युलेटर त्या चॅनलला ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बसवायचा. मग सगळी चॅनल कंबाइनरमध्ये एकत्र होऊन एकाच जाड तारेत शिरायची. वीस चॅनल म्हणजे वीस रिसीव्हर, वीस मॉड्युलेटर आणि त्यांना थंड ठेवायला दिवसरात्र फिरणारे पंखे.

तार कोअॅक्सियल, म्हणजे मधोमध तांब्याचा गाभा आणि भोवती जाळी. तिच्यातून सिग्नल जाताना तो दर मीटरला थोडा थोडा घटतो. म्हणून ठरावीक अंतरावर अँप्लिफायर लावायचा. लोक त्याला बूस्टर म्हणत. पण अँप्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा घालतो. एका मागोमाग एक सात-आठ लावले की शेवटच्या घरात चित्रापेक्षा गोंगाट जास्त. पडद्यावर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे हाच गोंगाट. कंट्रोल रूमच्या शेजारच्या इमारतीत लख्ख चित्र आणि नाक्यापलीकडे मुंग्या, याचे कारण हे.

त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त घटतात. म्हणून सुरुवातीच्या आकड्यांवरची चॅनल स्वच्छ आणि शेवटची पुसट दिसायची. शिवाय जुन्या संचांना आठ-बारा चॅनलांचीच सोय असे. ही पहिली मोक्याची पट्टी म्हणजे प्राइम बँड. आपले चॅनल त्या पट्टीत बसावे यासाठी चॅनलवाले पुढे पैसे मोजू लागले. त्याला कॅरेज फी म्हणतात आणि तिचा प्रश्न १९ शी जवळचा संबंध आहे.

पडद्यावर एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या, त्याचे कारण वेगळे. दूरदर्शनचा मनोरा जवळ असला तर त्याचा सिग्नल हवेतूनही तारेत झिरपायचा. केबलने त्याच फ्रिक्वेन्सीवर चित्र पाठवले असले की दोन चित्रे किंचित मागेपुढे एकावर एक पडत. हुशार केबलवाला ती जागाच मोकळी सोडायचा.

आणि अँप्लिफायरची वीज? अनेक ठिकाणी ती वाटेतल्या एखाद्या ग्राहकाच्या घरातून घेतली जाई आणि त्या घराला केबल फुकट असे. त्यांनी गावाला जाताना मेन स्विच बंद केला की पुढची सगळी आळी अंधारात.

९. पहिले मराठी चॅनल कोणते?

मराठी कार्यक्रम १९७२ पासून मुंबई दूरदर्शनवर होतेच. उपग्रहावरून राज्यभर दिसणारे दूरदर्शनचे मराठी चॅनल नव्वदच्या दशकात आले आणि २००० मध्ये त्याला सह्याद्री हे नाव मिळाले. खासगी चॅनलांच्या पहिल्या पिढीत १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेले अल्फा टीव्ही मराठी, म्हणजे आजचे झी मराठी, आणि जुलै २००० मध्ये हैदराबादहून सुरू झालेले ईटीव्ही मराठी, म्हणजे आजचे कलर्स मराठी, ही दोन टिकली. तारा मराठी त्याच सुमाराचे, ते टिकले नाही. २००७ मध्ये स्टार माझा आणि झी २४ तास ही वृत्तचॅनल आली. स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झाले. २००८ मध्ये स्टार प्रवाह आले.

तमिळ सन टीव्ही १९९३ मध्येच सुरू झाला होता. मराठी सहा वर्षे मागे राहिली. मला यामागचे मोठे कारण असे दिसते की मुंबई हीच हिंदी चॅनलांची राजधानी होती आणि मराठी प्रेक्षक हिंदी सहज पाहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा खर्च करण्याची निकड कोणाला वाटली नाही.

१०. गावातले लोकल केबल चॅनल कायद्यात बसते का?

बसते, पण मर्यादेत. कंट्रोल रूममध्ये एखादे चॅनल मोकळे ठेवून त्यावर स्वतःचे कार्यक्रम दाखवायचे, ही पद्धत व्हीसीआरवर चालणाऱ्या केबलपासूनची आहे (प्रश्न ३). दुपारचा सिनेमा, पट्टीवर धावणाऱ्या जागा-भाड्याच्या जाहिराती, दहीहंडी, गणपती विसर्जनाची मिरवणूक, पालिका निवडणुकीची मतमोजणी. जिल्ह्याच्या गावी हीच चॅनल स्थानिक बातम्यांचा आधार झाली आणि मोठ्या वृत्तचॅनलांना पहिले बातमीदार व कॅमेरामन पुष्कळदा तिथूनच मिळाले. केबल कायद्याची कार्यक्रम व जाहिरात संहिता त्यांना उपग्रह चॅनलांइतकीच लागू आहे. या चॅनलांच्या कॅसेटींची नीट जपणूक झालेली नाही. किती शहरांचा दहा-पंधरा वर्षांचा दृश्य इतिहास त्या कॅसेटींवर होता आणि त्यांच्यावर पुढचे कार्यक्रम टेप झाले. या सगळ्या कहाणीतले मला सर्वांत जास्त बोचणारे नुकसान हे आहे.

११. केबलचा कायदा कधी आला? नोंदणी पोस्टात का व्हायची?

आधी सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यादेश आला, मग १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) कायदा. म्हणजे पहिली तार ओढल्यावर साधारण दहा वर्षांनी. परवाना नको, पण नोंदणी हवी, असा त्याचा गाभा. देशभर विखुरलेल्या हजारो छोट्या व्यावसायिकांची नोंद घेऊ शकेल असे सरकारचे जाळे एकच होते, टपाल खात्याचे. म्हणून मुख्य टपाल कार्यालयात अर्ज आणि शुल्क भरायचे, दर वर्षी नूतनीकरण करायचे. दूरदर्शनची चॅनल दाखवणे बंधनकारक झाले आणि संहिता मोडल्यास यंत्रे जप्त करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांना मिळाला.

जानेवारी २०२५ पासून हे बदलले आहे. नोंदणी आता माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते, शुल्क ५,००० रुपये आणि मुदत पाच वर्षे.

१२. ‘आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे’ हा निकाल केबलबद्दल होता का?

नाही, तो क्रिकेटबद्दल होता. १९९३ च्या हिरो कपचे प्रक्षेपण परदेशी कंपनीला देण्यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात भांडण झाले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी नसल्याचे सांगितले. त्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते. तारेतून जाणारी केबल लहरी वापरत नाही, म्हणून निकाल तिला थेट लागू नव्हता. पण खासगी प्रसारणाला वैधतेचे बळ त्याने दिले.

१३. एमएसओ म्हणजे कोण? आमचा केबलवाला त्यांचा नोकर आहे का?

नोकर नाही. एमएसओ चॅनलांशी करार करून मोठ्या कंट्रोल रूममधून सिग्नल पाठवतो. तुमच्या दारी येणारा स्थानिक केबलचालक तो सिग्नल घेऊन शेवटच्या टप्प्यावर पोचवतो आणि वसुली करतो. त्याची तार त्याच्या मालकीची असते.

ही विभागणी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली. चॅनल वाढली, काही चॅनलांनी सिग्नल कोड करून पैसे मागायला सुरुवात केली आणि प्रत्येक चॅनलचा डिकोडर घेणे छोट्या केबलवाल्याला झेपेना. झीचे सिटीकेबल, हिंदुजांचे इनकेबल आणि हॅथवे हे एमएसओ याच काळात उभे राहिले. पुष्कळ केबलवाल्यांनी आपली छत्री उतरवली आणि त्यांची ‘फीड’ घेतली. काही गल्ल्यांत हे राजीखुशीने झाले, काही ठिकाणी तारा कापून आणि हाणामाऱ्या होऊन. इलाका कोणाचा, हा त्या काळातला जीवघेणा प्रश्न होता.

१४. ‘कॅस’ नावाचे काय होते आणि ते का फसले?

पैशांची साखळी अशी होती: ग्राहक केबलवाल्याला द्यायचा, तो एमएसओला, एमएसओ चॅनलला. किती घरांचे पैसे पुढे द्यायचे हे केबलवाल्याच्या सांगण्यावर. समजा पाचशे घरे असली आणि त्याने शंभरच दाखवली, तर अ‍ॅनालॉग, म्हणजे बॉक्सविना चालणाऱ्या जुन्या, तारेत ते पकडण्याचा काही मार्ग नव्हता. चॅनलवाले मग दर घराचा भाव चढवायचे, केबलवाला आणखी घरे लपवायचा. ग्राहकाला मधेच एखाद्या आठवड्यात चॅनल बंद दिसायचे.

यावर उपाय म्हणून २००२ मध्ये कायदा बदलून कंडिशनल अ‍ॅक्सेस, म्हणजे कॅस, आणले. पैसे लागणारी चॅनल फक्त सेट टॉप बॉक्समधून दिसणार. चेन्नईत १ सप्टेंबर २००३ पासून ते लागू झाले. मुंबई, दिल्ली, कोलकात्यात पुढे ढकलले गेले आणि शेवटी न्यायालयाच्या दट्ट्याने २००७ च्या सुरुवातीला या शहरांच्या काही भागांत आले. मुंबईत तो भाग दक्षिणेचा. तीस फुकट चॅनलांना ७७ रुपये आणि पैशाच्या प्रत्येक चॅनलला महिना ५ रुपये, असा भाव होता.

कल्पना चांगली होती. पण रस्त्याच्या या बाजूला बॉक्स सक्तीचा आणि त्या बाजूला नाही, असे केल्यावर व्यवस्था कशी टिकणार? लोक फुकट चॅनलांवर भागवू लागले आणि ज्यांना बॉक्स घ्यायचाच होता त्यांच्यासाठी तोवर डीटीएच आले होते.

१५. मग सगळ्यांना सेट टॉप बॉक्स सक्तीचा कधी झाला?

डिसेंबर २०११ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि टप्पे ठरले. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासह अडतीस शहरांत ३१ मार्च २०१३, उरलेल्या शहरी भागात २०१५ अखेर आणि ग्रामीण भागात शेवटी ३१ मार्च २०१७. चेन्नई आणि काही ठिकाणी न्यायालयीन वादांमुळे उशीर झाला.

ग्राहकाला चित्र स्वच्छ मिळाले, मुंग्या गेल्या. जिथे तारेत एक अ‍ॅनालॉग चॅनल बसायचे तिथे डझनभर डिजिटल चॅनल बसू लागली. पण व्यवसायाच्या दृष्टीने खरी उलथापालथ वेगळीच: प्रत्येक बॉक्सला क्रमांक आहे आणि तो एमएसओच्या संगणकात दिसतो. घरे लपवणे संपले. केबलवाल्यांचा विरोध बॉक्सच्या किमतीला होता तितकाच याला होता, आणि त्यात त्यांची एक बाजू खरी होती. पंचवीस वर्षे ज्या ग्राहकांना त्याने घाम गाळून जोडले, ते एका रात्रीत दुसऱ्याच्या यादीतले क्रमांक झाले.

१६. २०१९ मध्ये ‘१३० रुपयांत शंभर चॅनल’ सांगितले होते. मग बिल वाढले कसे?

कारण १३० रुपये चॅनलांचे नव्हतेच. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेच्या, नव्या दररचनेत (१ फेब्रुवारी २०१९ पासून) बिलाचे दोन भाग झाले. एक, तार वापरण्याचे नेटवर्क शुल्क: शंभर चॅनलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, वर जीएसटी. दोन, पैशाच्या चॅनलांची किंमत वेगळी, आणि पुष्कळ मोठ्या चॅनलांनी ती १९ रुपयांवर नेऊन ठेवली, कारण पॅकमध्ये घालता येणाऱ्या चॅनलची कमाल किंमत तेवढी होती. मराठी, हिंदी, खेळ, सिनेमा असे सगळे घेणाऱ्या घराचे बिल चढले. फक्त फुकट चॅनल पाहणाऱ्याचे आटोक्यात आले.

२०२० पासून १३० रुपयांत २०० चॅनल झाली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्काची कमाल मर्यादाच काढली, त्यामुळे आता वेगवेगळ्या केबलकडे आकडा वेगळा असू शकतो. तुमच्या बिलावर दोन्ही भाग वेगळे छापलेले असायला हवेत; नसतील तर मागा.

१७. पूर्वी बिलात करमणूक कर असायचा. त्याचे काय झाले?

महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रात तो जोडणीमागे महिना ४५ रुपये होता, लहान गावांत कमी. १ जुलै २०१७ पासून राज्याचा हा कर जीएसटीत विलीन झाला आणि १८ टक्के जीएसटी लागू लागला.

१८. घरात दोन टीव्ही आहेत. दोन्हींचे पूर्ण पैसे का?

प्रत्येक बॉक्स हा हिशेबात स्वतंत्र ग्राहक असतो (प्रश्न १५). पैशाच्या चॅनलांची किंमत प्रत्येक बॉक्सला लागते, मात्र दुसऱ्या बॉक्सवर वेगळी आणि कमी चॅनल निवडता येतात. नेटवर्क शुल्क दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असा नियम २०२० मध्ये आला होता. आता ती सवलत कंपनीच्या धोरणावर आहे.

१९. आम्ही इंदूरला राहतो. इथल्या केबलवर हवी ती मराठी चॅनल का मिळत नाहीत?

बडोदा आणि हैदराबादहूनही हा प्रश्न येतो. कायद्याने केबलवर सक्तीची आहेत ती दूरदर्शनची अधिसूचित चॅनल. त्यांत प्रादेशिक भाषांतलीही आहेत, म्हणून सह्याद्री मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. खासगी चॅनलांबाबत नियम असा की चॅनलवाल्याने मागणाऱ्या प्रत्येक केबलला सिग्नल द्यायचा. पण केबलने ते चॅनल घ्यावेच, अशी सक्ती नाही. चॅनलवाल्याने स्वतःहून मागितले आणि जागा असेल तर एमएसओला भेदभाव करता येत नाही, पण त्यासाठी कॅरेज फी लागते आणि परराज्यात ती भरण्यात चॅनलवाल्याला रस नसतो. बऱ्याचदा चॅनल बॉक्समध्ये असते, फक्त तिथल्या पॅकमध्ये नसते. त्यामुळे आधी ते सुटे मागून पाहा. नसेलच तर पाच-पन्नास घरांनी एकत्र लेखी मागणी केलेली चांगली.

२०. केबलवर ‘ए’ प्रमाणपत्राचे सिनेमे रात्री उशिरा दाखवायला काय हरकत?

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने असे सिनेमे दाखवायला मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये त्याची अंमलबजावणी करताना पोलिसांनी केबलवाल्यांवर कारवाई केली आणि शहरात काही दिवस सिनेमाची चॅनल बंद होती. त्यानंतर चॅनलवाले कापलेली आवृत्ती सेन्सॉरकडून यू/ए करून घेऊ लागले. वेळ रात्रीची असली तरी प्रमाणपत्राची अट सुटत नाही.

२१. क्रिकेटचा सामना शेजाऱ्याच्या डीडी फ्री डिशवर दूरदर्शनला दिसतो, आमच्या केबलवर त्याच चॅनलला दुसराच कार्यक्रम. केबलवाला फसवतोय का?

नाही, यात त्याचा दोष नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण खासगी हक्कदाराने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते. दूरदर्शनचे चॅनल केबलवर सक्तीचे, म्हणून ते चित्रण केबलवरही फुकट जाऊ लागले, आणि पैसे मोजून हक्क घेतलेल्या क्रीडा चॅनलचे नुकसान होऊ लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे मिळालेले चित्रण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरूनच (म्हणजे डीडी फ्री डिशवरून) दाखवायचे. खासगी केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. म्हणून त्यांच्यासाठी सामन्याच्या वेळी वेगळा कार्यक्रम पाठवला जातो. केबलवर तो सामना पाहायचा असेल तर ज्याच्याकडे हक्क आहेत ते क्रीडा चॅनल घ्यावे लागते.